इंटरल्यूकिन–२

इंटरल्यूकिन–२ : (आयएल–२, टी कोशिका वृद्धिकारक). शरीराच्या प्रतिरक्षा (रोगप्रतिकार) यंत्रणेतील टी लसीका कोशिका उद्दीपित झाल्या म्हणजे त्यांच्याकडून स्रवले जाणारे व त्याच किंवा शेजारच्या लसीका कोशिकांना (पेशींना) विभाजनाची सूचना देणारे एक लहान प्रथिन. एका कोशिकेचा निरोप दुसऱ्या कोशिकेस पोहोचविणाऱ्या प्रथिनांना सायटोकाइने म्हणतात. त्यांपैकी मुख्यतः पांढऱ्या रक्तकोशिकांत आपापसांत निरोप नेणाऱ्यांना इंटरल्यूकिने असे नाव असून त्यांना शोधाच्या क्रमाने आकडे दिलेले आहेत. हॉर्मोन रक्तावाटे दूरच्या इंद्रियापर्यंत जाऊन कार्य करते. इंटरल्यूकिन–२ मात्र बहुधा ज्या कोशिकेतून स्रवते तिच्या आसपासच वापरले जाऊन संपते. निरोगी माणसाच्या रक्तात ते जवळजवळ सापडत नाही. त्यामुळे ते नैसर्गिक स्वरूपात पुरेशा प्रमाणात मिळविणे अतिशय अवघड आहे. संशोधनासाठी व उपचारासाठी वापरले जाणारे इंटरल्यूकिन–२ मानवी जनुक सूक्ष्मजंतूंत किंवा अन्य कोशिकांत घालून तयार केलेले, म्हणजे पुनःसंयोजित असते.

जुन्या नावावरून हे केवळ वाढ घडविणारे प्रथिन असावे असा समज होतो. शोधानंतरची सु. पंधरा वर्षे तज्ञांचाही तोच समज होता. प्रत्यक्षात, शरीरात त्याचे ज्याला पर्याय नाही असे कार्य प्रतिरक्षेला आवर घालण्याचे आहे, असे पुढे दिसून आले. शुद्ध पुनःसंयोजित प्रथिन, त्याचे जनुक व जनुक निकामी केलेले प्राणी हाती आल्यावाचून हा उलगडा होणे शक्य नव्हते.

इतिहास : लसीका कोशिका सूक्ष्मदर्शकाखाली लहान, गोल व निष्क्रिय दिसतात. त्या वाढीच्या अंतिम अवस्थेस पोहोचलेल्या असून त्यांच्यात पुढे काही बदल होत नाही, असे दीर्घकाळ मानले जाई. १९६० मध्ये पीटर नोएल यांना असे आढळले की, राजम्याच्या बियांतील फायटोहीमॅग्लुटिनीन हे प्रथिन रक्तकोशिकांच्या संवर्धनात असले, तर याच कोशिका फुगतात व विभाजित होऊ लागतात. हे प्रथिन तांबड्या कोशिकांच्या गुठळ्या करून त्या वेगळ्या काढण्यासाठी वापरीत असत. त्याचा हा दुसरा गुण सर्वस्वी अनपेक्षित होता. पुढे १९६५ मध्ये एस. कासाकुरा व एल. लोवेनस्टाइन यांनी, तसेच जे. गॉर्डन व एल. डी. मॅक्लीन यांनी स्वतंत्रपणे असे दाखविले की, पांढऱ्या रक्तकोशिका ज्या द्रवात वाढविल्या तो द्रव कोशिकारहित करून दुसऱ्या कोशिकांना दिला, तरी त्या विभाजित होतात. याचा अर्थ, उद्दीपित कोशिका द्रवात काही तरी सोडतात. ते काय असावे हे मात्र तेव्हा कळण्यासारखे नव्हते.

यानंतरचा महत्त्वाचा शोधही भलत्याच गोष्टीच्या शोधात असताना लागला. अमेरिकेतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेत डॉरिस मॉर्गन, फ्रान्सिस रुसेटी व रॉबर्ट गॅलो हे रक्ताच्या कर्करोगातील अस्थिमज्जेच्या कोशिका शरीराबाहेर दीर्घकाळ वाढविण्याचा प्रयत्न करीत होते. अशा कोशिकांना पोषक असा एखादा घटक फायटोहीमॅग्लुटिनीनने उद्दीपित केलेल्या लसीका कोशिकांच्या द्रवात मिळेल, अशी त्यांची कल्पना होती. संवर्धनात कोशिका जोमाने वाढल्या. पण त्या अपेक्षित कोशिका नसून टी लसीका कोशिका होत्या, आणि त्याही निरोगी व्यक्तींच्या मज्जेतून आलेल्या. १९७६ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. तोपर्यंत निरोगी मानवी टी कोशिका काही दिवसांपलीकडे शरीराबाहेर जगत नसत. आता त्या महिनोन्‌महिने वाढविता येऊ लागल्या. द्रवातील या घटकाला टी कोशिका वृद्धिकारक असे नाव मिळाले.

पाठोपाठ १९७७ मध्ये स्टीव्हन गिलिस व केंडल स्मिथ यांनी अर्बुदाच्या (गाठीच्या) कोशिका ओळखून मारणाऱ्या उंदराच्या टी कोशिका याच रीतीने दीर्घकाळ वाढविल्या. एकाच कोशिकेपासून निपजलेली संपूर्ण संतती (कृत्तक) मिळविणे यामुळे शक्य झाले व टी कोशिकांचा अभ्यास सरमिसळ समूहाऐवजी एकेका जातीवर करता येऊ लागला. पॅरिस येथील पाश्चर संस्थेत १९८३ मध्ये एड्सचा विषाणू प्रथम वेगळा केला गेला, तोही याच वृद्धिकारकाच्या आधारे जिवंत ठेवलेल्या लसीका कोशिकांत.

दरम्यान निरनिराळ्या प्रयोगशाळांनी आपापल्या द्रवातील घटकाला निरनिराळी नावे दिली होती. कोणी त्याला वृद्धिकारक म्हणे, कोणी साहाय्यक घटक म्हणे, तर कोणी यौवनलोपी ग्रंथीच्या कोशिकांना उत्तेजित करणारा घटक म्हणे. १९७९ मध्ये स्वित्झर्लंडमधील एर्माटिंगेन येथे भरलेल्या परिषदेत ही नावे बाजूस ठेवून इंटरल्यूकिन–१ व इंटरल्यूकिन–२ ही नावे स्वीकारण्यात आली. तथापि नाव एक झाल्याने पदार्थ एक ठरत नाही. संवर्धन द्रवात अनेक प्रथिने एकत्र असतात; त्यांपैकी कोणत्या प्रथिनाचा कोणता परिणाम, याविषयीचे त्या काळातील पुष्कळसे दावे आज केवळ ऐतिहासिक महत्त्वाचे आहेत.

जनुकाचे कृत्तकीकरण : जर्कॅट या नावाने ओळखली जाणारी, रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या एका मुलाच्या टी कोशिकांपासून निघालेली कोशिकामालिका इंटरल्यूकिन–२ विपुल निर्माण करते. टोकिओ येथे तादात्सुगू तानिगुची व त्यांच्या सहकाऱ्यांनी या मालिकेच्या एका शाखेतून संदेशक आरएनए काढले, त्यावरून डीएनए प्रती तयार केल्या आणि त्यांतून इंटरल्यूकिन–२ ची प्रत निवडली. ती माकडाच्या संवर्धित कोशिकांत घातली असता त्या कोशिका क्रियाशील मानवी इंटरल्यूकिन–२ स्रवू लागल्या. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनाने प्रथिनातील ॲमिनो अम्लांचा क्रमही प्रथमच संपूर्णपणे कळला. त्यानंतर थोड्याच काळात एश्चेरिकिया कोलाय या आतड्यातील सूक्ष्मजंतूत हे जनुक कार्य करू लागले आणि १९८४ मध्ये सूक्ष्मजंतूत बनविलेले प्रथिन नैसर्गिक प्रथिनासारखेच कार्य करते, असे स्टीव्हन रोझेनबर्ग व इतरांनी सिद्ध केले.

संरचना : मानवी इंटरल्यूकिन–२ चे जनुक चौथ्या गुणसूत्रावर आहे. प्रथिन प्रथम १५३ ॲमिनो अम्लांच्या साखळीच्या रूपात तयार होते; कोशिकेबाहेर पडताना आरंभीची २० ॲमिनो अम्ले छाटली जाऊन १३३ ॲमिनो अम्लांचे पक्व प्रथिन उरते. त्याचा रेणुभार सु. १५,५०० असतो. साखळीची घडी चार सर्पिल दंड एकमेकांशेजारी मोळीसारखे बांधावेत अशी असते. ५८ व १०५ या स्थानांवरील सिस्टिनांमधील डायसल्फाइड बंधाने ही घडी टिकून राहते. तो बंध तुटला की क्रियाशीलता जवळजवळ नाहीशी होते. १२५ व्या स्थानावरचे तिसरे सिस्टीन मोकळे असते. नैसर्गिक प्रथिनात तिसऱ्या स्थानावरील थ्रिओनिनाला शर्करेची जोड असते, परंतु क्रियेसाठी तिची गरज नसते.

मोकळ्या सिस्टिनाने उत्पादकांपुढे अडचण निर्माण केली. सूक्ष्मजंतूतून काढलेल्या प्रथिनाची घडी पुन्हा बसविताना हे सिस्टीन भलत्याच जोडीदाराशी बंध करी आणि निष्क्रिय रेणू तयार होत. कॅलिफोर्नियातील सेटस कंपनीच्या संशोधकांनी १९८४ मध्ये जनुकात बदल करून त्या जागी सेरीन हे ॲमिनो अम्ल आणले आणि अडचण दूर केली. औषध म्हणून वापरात असलेले आल्डेसल्यूकिन ते हेच. त्यात शर्करा नाही, पहिले ॲलॅनीन नाही व १२५ व्या स्थानी सेरीन आहे. ‘मानवी’ म्हणून ओळखले जाणारे हे प्रथिन माणसाच्या शरीरातील प्रथिनाहून अशा तीन बाबतींत वेगळे असते. संशोधनासाठी मिळणाऱ्या नमुन्यांत काहींत हे फरक असतात, काहींत नसतात, तर काहींत आरंभी जादा मेथिओनीन असते. बाटलीबरोबरचे माहितीपत्रक वाचल्याशिवाय दोन नमुन्यांची तुलना करू नये.

निर्मिती : सूक्ष्मजंतू हे परके प्रथिन इतक्या वेगाने तयार करतात की, त्याची योग्य घडी न बसता कोशिकेत त्याचे अविद्राव्य गोळे जमतात. सूक्ष्मजंतू फोडून हे गोळे वेगळे करतात व ग्वानिडीन हायड्रोक्लोराइडासारख्या तीव्र द्रव्यात विरघळवितात. या द्रव्यात साखळी पूर्णपणे उलगडते. नंतर ते द्रव्य हळूहळू कमी करीत साखळीला पुन्हा योग्य घडी बसू देतात आणि वर्णलेखन (मिश्रणातील घटक स्तंभातून वेगवेगळ्या गतीने उतरवून अलग करण्याच्या) पद्धतींनी शुद्ध प्रथिन मिळवितात. अखेरीस ते गोठवून निर्वातात सुकवितात. बाटलीच्या तळाशी क्वचितच दिसू शकेल असा पांढरा थर, एवढेच त्याचे दृश्य स्वरूप असते.

शुद्धतेच्या दृष्टीने सूक्ष्मजंतूच्या इतर प्रथिनांपेक्षाही त्याच्या बाह्य आवरणातील अंतर्विष अधिक घातक ठरते. अत्यल्प अंतर्विषानेही रक्तातील एककेंद्रक कोशिका उद्दीपित होऊन आपली सायटोकाइने सोडतात व तो परिणाम इंटरल्यूकिन–२ चा आहे असा भास होतो. म्हणून प्रत्येक घाण्यातील अंतर्विष मोजावे लागते. घोड्याच्या नालेसारख्या आकाराच्या लिम्युलस या सागरी प्राण्याच्या रक्तकोशिकांचा अर्क अंतर्विषाच्या संपर्कात साकळतो, या गुणावर हे मापन दीर्घकाळ आधारलेले आहे. अलीकडे त्या अर्कातील क्रियाशील घटकच पुनःसंयोजित रूपात वापरला जातो.

संशोधनासाठीच्या बाटलीवर ‘माणसासाठी वापरू नये’ अशी सूचना असते ती औपचारिक नव्हे. प्रथिन तेच असले, तरी निर्जंतुकता, अंतर्विषाची मर्यादा, घाण्याघाण्यांतील सारखेपणा व साठवणीतील टिकाऊपणा यांबाबत औषधाला लागणाऱ्या कसोट्या या मालाला लावलेल्या नसतात.

ग्राही व कार्यपद्धती : कोशिकेच्या पृष्ठभागावरील ज्या प्रथिनांना इंटरल्यूकिन–२ जोडले जाते त्यांना ग्राही म्हणतात. त्याचे तीन घटक आहेत : आल्फा (सीडी२५), बीटा व गॅमा. एकट्या आल्फाची पकड सैल असते व तिच्यातून आत संदेश जात नाही. बीटा व गॅमा मिळून मध्यम पकड होते व संदेशही जातो. तिन्ही एकत्र आले म्हणजे पकड बीटा–गॅमा जोडीच्या सु. शंभर पट घट्ट होते आणि दर लिटरला सु. १० पिकोमोल, म्हणजे दर मिलिलिटरला सु. ०·१५ नॅनोग्रॅम एवढ्या प्रथिनानेही अर्धे ग्राही व्यापले जातात. या हिशेबाने १ मिग्रॅ. इंटरल्यूकिन–२ सु. ६,००० लिटर संवर्धन द्रवाला पुरेल.

जोडणी झाल्यावर बीटा व गॅमा घटकांच्या आतील टोकांशी असलेली जेएके–१ व जेएके–३ ही एंझाइमे क्रियाशील होतात. ती एसटीएटी–५ या प्रथिनास फॉस्फेट जोडतात व ते प्रथिन कोशिकाकेंद्रात जाऊन विभाजनाशी संबंधित जनुके चालू करते. गॅमा घटक इंटरल्यूकिन–४, ७, ९, १५ व २१ यांच्या ग्राहींतही असतो. त्याच्या जनुकातील दोषामुळे मुलग्यांना प्रतिरक्षेचा अतितीव्र जन्मजात अभाव जडतो, असे १९९३ मध्ये आढळून आले. अवयव-रोपणानंतर दिले जाणारे सायक्लोस्पोरीन हे औषध याच साखळीचा आरंभ तोडते : त्याच्यामुळे टी कोशिकेत इंटरल्यूकिन–२ चे जनुक चालूच होत नाही.

मापन व एकके : इंटरल्यूकिन–२ वजनाने न मोजता त्याच्या कार्याने मोजतात. यासाठी सीटीएलएल–२ ही उंदराच्या टी कोशिकांची मालिका वापरली जाते. या कोशिका इंटरल्यूकिन–२ वर संपूर्णपणे अवलंबून असून ते न मिळाल्यास एक-दोन दिवसांत मरतात. मानवी इंटरल्यूकिन–२ त्यांना चालते, हा एक सोयीचा योग होय. उलट उंदराचे इंटरल्यूकिन–२ मानवी कोशिकांवर फारसे कार्य करीत नाही. नमुना पायरीपायरीने विरल करीत या कोशिकांना देतात व किती विभाजन झाले ते किरणोत्सर्गी थायमिडीन डीएनएमध्ये किती शिरले यावरून किंवा जिवंत कोशिकाच ज्याचा रंग पालटवितात अशा द्रव्याच्या साहाय्याने ठरवितात. परिणाम कमाल मर्यादेच्या निम्मा होण्यास लागणारी संहती ही त्या नमुन्याची ताकद दाखविते. ही संहती दर मिली.ला ०·१ नॅनोग्रॅम असेल, तर उत्पादक त्या नमुन्याची क्रियाशीलता दर मिग्रॅ.ला १ कोटी एकके अशी देतात.

परंतु उत्पादकाच्या प्रयोगशाळेतील एकक हे आंतरराष्ट्रीय एकक असतेच असे नाही. आंतरराष्ट्रीय एकक जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेल्या प्रमाण नमुन्याशी एकाच प्रयोगात तुलना करूनच ठरते. १९८५ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या उपचारविषयक लेखांतील एकके सेटस कंपनीची होती व त्यांतील एक एकक आजच्या सु. सहा आंतरराष्ट्रीय एककांइतके आहे. जुन्या लेखातील आकडा तसाच उचलणारा नवखा संशोधक सहापट कमी मात्रेने प्रयोग करतो आणि प्रयोग जुळत नाही म्हणून कोशिकांना दोष देतो. अशी उदाहरणे प्रस्तुत लेखकाने एकाहून अधिक वेळा पाहिली आहेत. आल्डेसल्यूकिनाच्या बाबतीत १·१ मिग्रॅ. म्हणजे १ कोटी ८० लाख आंतरराष्ट्रीय एकके होतात.

अतिविरल द्रावातील प्रथिन काचेला व प्लॅस्टिकला चिकटून बसते. म्हणून द्रावात अल्ब्युमिनासारखे दुसरे प्रथिन मिसळतात, द्राव लहान भागांत विभागून गोठवितात व एकदा वितळविलेला भाग पुन्हा गोठवीत नाहीत.

शरीरातील कार्य : टी कोशिका या प्रथिनावर वाढतात, म्हणून त्याच्याशिवाय त्या वाढणारच नाहीत आणि प्राणी संसर्गांना बळी पडेल, असा तर्क होता. १९९१ मध्ये इंटरल्यूकिन–२ चे जनुक निकामी केलेले उंदीर प्रथम तयार करण्यात आले. त्यांच्या टी कोशिका सर्वसामान्यच निपजल्या. याहून मोठा धक्का १९९३ मध्ये बसला. या उंदरांपैकी सु. निम्मे जन्मानंतर चार ते नऊ आठवड्यांत मेले व उरलेल्या सर्वांना माणसातील व्रणयुक्त बृहदांत्रशोथासारखा (मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडण्याचा) विकार झाला. त्यांची प्रतिरक्षा दुबळी पडली नव्हती. ती मोकाट सुटून स्वतःच्याच शरीरावर उलटली होती. ग्राहीचा आल्फा किंवा बीटा घटक नसलेल्या उंदरांतही असेच आत्मप्रतिरक्षेचे (स्वतःच्या ऊतकांवर हल्ला करण्याचे) विकार आढळले.

याचे स्पष्टीकरण जपानी शास्त्रज्ञ शिमोन साकागुची यांच्या संशोधनातून मिळाले. इतर टी कोशिकांना आवर घालणारा टी कोशिकांचा एक वेगळा वर्ग आहे व त्याच्या पृष्ठभागावर सीडी२५ सदैव असते, असे त्यांनी १९९५ मध्ये दाखविले. सीडी२५ म्हणजेच इंटरल्यूकिन–२ च्या ग्राहीचा आल्फा घटक. या नियामक टी कोशिकांना हे प्रथिन स्वतः निर्माण करता येत नाही, पण जगण्यासाठी ते लागतेच. म्हणून त्या इतरांनी स्रवलेल्या प्रथिनावर जगतात. पाटाच्या मुखाशी असलेल्या शेताला पाणी कमी सुटले तरी वाटा मिळतो व शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोहोचण्यास पाट भरून वाहावा लागतो, तसाच येथील प्रकार आहे. घट्ट पकडीचे ग्राही बाळगणाऱ्या नियामक कोशिकांना अत्यल्प प्रथिनही पुरते. विश्रांत मारक टी कोशिका व नैसर्गिक मारक कोशिका यांच्यावर मुख्यतः बीटा–गॅमा जोडी असल्याने त्यांना भरपूर प्रथिन लागते. म्हणून टी कोशिकांनी शत्रूविरुद्ध उद्दीपित होऊन सोडलेला निरोपच त्यांना थांबविणाऱ्यांनाही पोसतो. काचेच्या भांड्यात हे दिसले नाही, कारण तेथे प्रयोगकर्ता शरीरात कधीच आढळत नाही इतके प्रथिन ओतीत होता. नियामक कोशिकांविषयीच्या संशोधनासाठी साकागुची यांना मेरी ब्रुनकॉव व फ्रेड रॅम्झडेल यांच्यासमवेत २०२५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

वैद्यकीय उपयोग : हे ज्ञान होण्यापूर्वीच उपचार सुरू झाले होते. रोझेनबर्ग यांनी १९८५ मध्ये प्रगत कर्करोगाच्या २५ रुग्णांविषयी माहिती प्रसिद्ध केली. रुग्णांच्याच लसीका कोशिका इंटरल्यूकिन–२ मध्ये वाढवून प्रथिनासह परत दिल्या असता ११ रुग्णांची अर्बुदे निम्म्याहून अधिक आकसली होती. या वृत्ताने आशा फार उंचावल्या. अनुभव वाढला तसे प्रमाण खाली आले. पुढे एकट्या इंटरल्यूकिन–२ च्या मोठ्या मात्रेने मूत्रपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगात सु. १५ टक्के व मेलॅनोमा या त्वचेच्या मारक कर्करोगात सु. १६ टक्के रुग्णांना गुण आला. अमेरिकेत या दोन रोगांसाठी अनुक्रमे १९९२ व १९९८ मध्ये त्याला मान्यता मिळाली. आकडे लहान असले, तरी अर्बुदे पूर्णपणे नाहीशी झालेल्या थोड्या रुग्णांपैकी अनेक जण पुढे वर्षानुवर्षे निरोगी राहिले. केवळ प्रतिरक्षेला चेतवूनही माणसाचा पसरलेला कर्करोग बरा होऊ शकतो, याचा हा पहिला निःसंदिग्ध पुरावा होता.

या उपचाराची किंमत जबर असते. प्रथिन रक्तातून लवकर नाहीसे होत असल्याने शरीराच्या दर किग्रॅ. वजनास ६ लाख आंतरराष्ट्रीय एकके दर आठ तासांनी शिरेतून, कमाल १४ वेळा, देतात. नऊ दिवसांच्या विश्रांतीनंतर तोच क्रम पुन्हा करतात. केशिकांमधून रक्तद्रव ऊतकांत पाझरू लागतो, रक्तदाब उतरतो, फुप्फुसांत द्रव साचतो, मूत्रपिंडांचे कार्य मंदावते. अतिदक्षता विभागाची सोय असलेल्या रुग्णालयातच हा उपचार करता येतो व हृदय किंवा फुप्फुसे कमकुवत असलेल्यांना तो देता येत नाही.

एड्सच्या विषाणूची बाधा झालेल्यांत सीडी४ प्रकारच्या टी कोशिका घटतात. त्या वाढविण्यासाठीही इंटरल्यूकिन–२ देऊन पाहिले. दोन मोठ्या चाचण्यांत मिळून ५,८०० हून अधिक रुग्ण होते. २००९ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले तेव्हा असे दिसले की, कोशिकांची संख्या खरोखरच वाढली. परंतु आजार किंवा मृत्यू कमी झाले नाहीत. रक्ततपासणीतील आकडा सुधारणे आणि रुग्ण सुधारणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे दाखविणारे हे उदाहरण वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना आवर्जून शिकविण्याजोगे आहे.

अल्प मात्रेचा उपयोग नेमका उलट हेतूने होतो. २०११ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी अल्प मात्रेने नियामक कोशिका वाढतात असे दाखविले. एका गटाचे रुग्ण अस्थिमज्जा-रोपणानंतर दात्याच्या कोशिकांनी ग्रहणकर्त्यावर चालविलेल्या दीर्घकालीन हल्ल्याने पीडित होते, तर दुसऱ्याचे हेपॅटायटिस–सी विषाणूमुळे झालेल्या रक्तवाहिनीशोथाचे होते. दोन्हीकडे काही रुग्णांना आराम पडला. ग्राहीच्या एका घटकाकडे अधिक व दुसऱ्याकडे कमी आकृष्ट होतील असे बदललेले रेणूही तयार केले जात आहेत. मात्र आल्फा घटकाला टाळून केवळ मारक कोशिका चेतविण्यासाठी बनविलेल्या अशा एका रेणूच्या मेलॅनोमावरील मोठ्या चाचणीत २०२२ मध्ये अपेक्षित लाभ दिसला नाही.

प्रयोगशाळांत टी कोशिका व नैसर्गिक मारक कोशिका वाढविण्यासाठी या प्रथिनाचा उपयोग अखंड चालू आहे. टी कोशिकांच्या नित्याच्या संवर्धनास दर मिली.ला काही दशक ते शेकडो एकके पुरतात, तर अर्बुदात शिरलेल्या लसीका कोशिका वाढविताना ६,००० पर्यंत वापरतात. नियामक कोशिकांचा अभ्यास करावयाचा असल्यास संवर्धनातील मात्रा मुद्दाम विचारपूर्वक ठरवावी लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या लायफिल्यूसेल या मेलॅनोमावरील उपचारात रुग्णाच्या अर्बुदाचा तुकडा काढून त्यातील लसीका कोशिका इंटरल्यूकिन–२ च्या साहाय्याने कोट्यवधींच्या संख्येने वाढवितात. त्या रुग्णाला परत दिल्यावर त्यांना शरीरात टिकविण्यासाठी तेच प्रथिन, कमाल सहा मात्रांपर्यंत, शिरेतून देतात.